नेमणुकीचा कागद

मुलीसाठी स्थळ पाहावयाचे असले तर आपल्याकडे चार घरी चौकशी होते, पत्रिका दोघांना दाखविल्या जातात, आणि तरीही मावशीच्या संमतीवाचून सुपारी फुटत नाही. घर घ्यावयाचे असले तर आपण निबंधकाच्या कचेरीतून तीस वर्षांचे ‘ई.सी.’ काढून आणतो, वकिलाला फी देऊन दस्त वाचवून घेतो. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या कागदाने घरातल्या मुलाचे अथवा मुलीचे दिवसाचे दहा तास, महिन्याची मिळकत आणि पुढची कित्येक वर्षे बांधली जातात, तो नेमणुकीचा कागद मात्र आलेल्या रात्रीच सही होऊन परत जातो. पेढे वाटले जातात. कागद कोणी वाचत नाही.

याचे कारण आळस नव्हे, असे आम्हांस वाटते. हैदराबादेतील आपली बहुतेक जुनी मराठी घरे सरकारी चाकरीवर उभी राहिली. शिक्षणखाते, महसूल, रेल्वे, टपाल, वीजमंडळ, आणि पुढे राष्ट्रीयीकृत बँका. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्या एकाच खात्यात गेल्याची उदाहरणे काचीगुड्यात आणि सुलतान बाजारात कमी नाहीत. अशा घरांत एक पत्र्याची पेटी हमखास असे. तिच्यात ‘मुलकी’ असल्याचा दाखला असे. कारण निजामाच्या राज्यात १९१९ च्या फर्मानाप्रमाणे सरकारी नोकरीसाठी जन्माने अथवा पंधरा वर्षांच्या रहिवासाने मुलकी असणे आवश्यक होते. तिच्यात उर्दूतले हुकूम असत, पगारवाढीचे आदेश असत, आणि १९५६ नंतर आणखी एक कागद आला: वाटपाचा. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन राज्यांत विभागले गेले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. राज्याबरोबर नोकरही वाटले गेले. कोणी औरंगाबादेस गेला, कोणी येथेच राहिला. एका घरातल्या दोन भावांच्या दोन राजधान्या झाल्या. त्या धामधुमीत सामान्य कारकुनाला धीर देणारे एक कलम राज्य पुनर्रचना अधिनियमात होते. ११५ व्या कलमाने असे बंधन घातले की, अशा रीतीने वाटल्या गेलेल्या नोकराच्या सेवेच्या अटी केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याचे नुकसान होईल अशा प्रकारे बदलता येणार नाहीत. ज्येष्ठतेचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले हे खरे. तरी वाद घालण्यास पायाखाली लिहिलेली जमीन होती.

सरकारी नोकराला आपला कागद फारसा वाचावा लागला नाही, कारण त्याचे नियम छापील होते आणि सर्वांना एकच होते. सेवापुस्तक कचेरी लिहीत असे. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाने त्याला हे अभय दिले की, आरोप कळविल्याशिवाय व बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला एरवी बडतर्फ करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रोशनलाल टंडन यांच्या खटल्यात हा भेद नेमक्या रीतीने मांडला: सरकारी नोकरीचा उगम करारात असला तरी एकदा नेमणूक झाली की नोकराला एक दर्जा प्राप्त होतो, आणि त्याचे हक्क व कर्तव्ये उभयतांच्या संमतीने नव्हे तर नियमांनी ठरतात. शासन ते नियम एकतर्फी बदलू शकते. पण बदलते ते सर्वांसाठी, राजपत्रात छापून.

आता आपली मुले माधापूर आणि गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतींत जातात, जीडिमेटल्याच्या औषध कारखान्यांत जातात, खाजगी शाळांत व रुग्णालयांत जातात. तेथे कामगार कायद्यांचे छत्र अंशतः असते, पण उरलेला सारा भाग कराराचा असतो. म्हणजे पालकांची पिढी दर्जाच्या जगात वाढली आणि मुले कराराच्या जगात कामाला लागली. करार हा वाचावयाचाच असतो. जो वाचत नाही त्याच्या वतीने दुसरा पक्ष वाचतो. एवढी एकच गोष्ट आम्हांस या वेळी सांगावयाची आहे; आणि ती कोरडी वाटू नये म्हणून गेल्या काही महिन्यांत परिचितांनी आमच्यासमोर ठेवलेल्या तीन प्रकरणांच्या आधारे सांगतो. माणसांची व संस्थांची नावे अर्थातच देत नाही.

पहिले प्रकरण एका अभियंता झालेल्या मुलाचे. त्याच्या नेमणूकपत्रात एक अट होती: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास तीन लाख रुपये भरावे लागतील. शिवाय रुजू होतेवेळी त्याचा दहावीचा मार्क्स मेमो आणि पदवीचे प्रमाणपत्र, दोन्ही अस्सल, कचेरीने ‘तपासणीसाठी’ ठेवून घेतले होते. वर्षभराने त्याला दुसरीकडे बरी नोकरी मिळत होती. वडिलांनी विचारले, “सर, ही माणसे माझ्या मुलाला असे डांबून ठेवू शकतात काय?”

लोक यावर दोन टोकांची उत्तरे देतात. एक म्हणतो, सही केली, आता भोगा. दुसरा म्हणतो, बॉण्ड म्हणजे रद्दी कागद, खुशाल सोडून जा. दोघेही चूक आहेत. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे २७ वे कलम सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. पण या कलमाची मर्यादा कोठे, हे आपल्याच कल्याणजवळच्या एका कारखान्याच्या वादातून ठरले. सेंच्युरी कंपनीने टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचे तंत्र परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. तेथील एका पाळी-पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला, नऊ महिने प्रशिक्षण घेतले, आणि १९६४ साली मुदतीपूर्वीच सोडून अधिक पगारावर कोट्याच्या एका प्रतिस्पर्धी कारखान्यात नोकरी धरली. कायद्याच्या पुस्तकांत हा ‘गोलिकरी खटला’ म्हणून ओळखला जातो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे तेच काम करू नये, ही अट व्यवसायाला घातलेला अवैध निर्बंध ठरत नाही. मात्र ती जुलमी अथवा एकतर्फी नसावी.

मुदत संपल्यानंतरचे काय? तेथे पारडे फिरते. आपल्या श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान आणि त्याची जाहिरातींची कामे पाहणारी कंपनी यांच्यातील वादात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की, करार संपल्यावरही माणसाला बांधून ठेवणारी अट २७ व्या कलमापुढे टिकत नाही. तेव्हा ‘नोकरी सोडल्यावर एक वर्ष याच क्षेत्रात काम करणार नाही’ असे वाक्य मुलाच्या कागदात दिसले तर त्याने झोप उडवून घेऊ नये. कंपनीची गुपिते बाहेर न नेण्याचे बंधन तेवढे निराळे. ते पाळलेच पाहिजे.

राहिला पैशाचा प्रश्न. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट ग्राह्य धरली. तो अधिकारी मुदतीपूर्वी दुसऱ्या बँकेत गेला होता आणि ती रक्कम त्याने निषेध नोंदवून भरली होती. न्यायालयाचा विचार असा की, सार्वजनिक बँकेला प्रत्येक जागेसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखती हा सारा खर्चिक मार्ग पुन्हा चालावा लागतो. पद वरिष्ठ, पगार चांगला, रक्कम अवाजवी नाही. म्हणजे बॉण्ड टिकू शकतो. पण प्रत्येक बॉण्ड टिकतो असे नाही. कारण करार अधिनियमाचे ७४ वे कलम सांगते की, कागदावर आकडा कितीही असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा. दोन आठवडे ध्वनिचित्रफिती दाखवून तीन लाखांचा खर्च झाला असे म्हणणाऱ्याला तो खर्च पटवून द्यावा लागेल.

आम्ही त्या मुलास दोन पत्रे लिहावयास सांगितली. एकात प्रशिक्षणाचा तपशील व खर्च नम्रपणे विचारला. दुसऱ्यात अस्सल प्रमाणपत्रे परत मागितली. प्रमाणपत्र ही विद्यार्थ्याची मिळकत आहे. सावकाराकडे ठेवावयाचे गहाण नव्हे. आठ दिवसांत मेमो व पदवी परत आली. खर्चाच्या पत्रास उत्तर आले नाही. मुलाने हिशेब केला, आणि उरलेले सात महिने पुरे करण्याचे ठरविले. आमच्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. पण तो त्याने भीतीने न घेता वाचून व समजून घेतला, हे अधिक महत्त्वाचे.

दुसरे प्रकरण एका लेकीचे. ती पाच महिन्यांची गरोदर होती. तीन वर्षे चांगले काम केले होते. कामाबद्दल तक्रारीचे एकही पत्र नव्हते. एके दिवशी तिला खोलीत बोलावून गोड शब्दांत सांगण्यात आले की, विभागाची फेररचना होत आहे. तिने राजीनामा दिला तर अनुभवाचा दाखला उत्तम मिळेल, न दिल्यास ‘कमी करावे लागेल’ आणि तो डाग राहील. राजीनाम्याचा मजकूर तयारच होता. त्यात एक शब्द होता: ‘स्वखुशीने’.

हा एक शब्द फार महाग पडतो. मालकाने कामगाराला कमी करणे याला कायद्यात छाटणी म्हणतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने छाटणीवर अटी घातल्या: वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची लेखी सूचना अथवा त्या महिन्याचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. नव्या औद्योगिक संबंध संहितेत हे तत्त्व कायम आहे. शिवाय छाटणी झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. आपल्या तेलंगणात लागू असलेला १९८८ चा दुकाने व आस्थापना अधिनियमही सहा महिने सेवा झालेल्या नोकराला वाजवी कारण आणि एक महिन्याची लेखी सूचना अथवा तितके वेतन दिल्याशिवाय काढू नये असे सांगतो. मात्र व्यवस्थापनाच्या अधिकारावर बसलेल्यांना या तरतुदी सहसा लागू नसतात, आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांना या अधिनियमाच्या काही कलमांतून शासनाने वेळोवेळी सूट दिलेली आहे. म्हणून ‘मी कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे काय?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्याचे उत्तर पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. कार्डावर ‘व्यवस्थापक’ छापले म्हणून दिवसभर हिशेब टंकणारा व्यवस्थापक होत नाही.

पण हे सारे संरक्षण ज्याला काढले त्याच्यासाठी आहे. जो स्वखुशीने गेला, त्याची छाटणी झालीच नाही. भरपाई नाही, सूचना नाही, वादही नाही. म्हणून नको असलेला माणूस काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्याकडूनच राजीनामा लिहवून घेणे.

या लेकीच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक होता. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने, आणि तीच तरतूद पुढे नेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेने, प्रसूतीच्या रजेत अथवा त्या रजेमुळे स्त्रीला कामावरून काढणे बेकायदा ठरविले आहे. आणि गरोदरपणात काढले तरी तिचा प्रसूतिलाभाचा हक्क सहसा बुडत नाही. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झाले असले की हा हक्क पोचतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा पूर्वी बारा आठवड्यांची होती. २०१७ पासून ती सव्वीस आठवड्यांची झाली. मुंबई इलाख्याने १९२९ सालीच असा कायदा केला होता, हे मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरणात ठेवावे.

तिने काय केले? रडली, हे आम्ही लपवीत नाही. आईने सांगितले, “नोकरी गेली तर जाऊ दे, तब्येतीला जप.” हा मायेचा सल्ला होता, पण सही करण्याचाही सल्ला होता. सासऱ्यांनी मात्र विचारले, “सूनबाई, तुम्हांला नोकरी सोडावयाची आहे का?” ती म्हणाली, “नाही.” “मग तसे लिहा.” दुसऱ्या दिवशी तिने चार ओळींचे पत्र पाठविले: आपण राजीनामा दिलेला नाही व देऊ इच्छित नाही; प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकाचा वैद्यकीय दाखला व रजेचा अर्ज सोबत जोडला आहे; कालच्या बैठकीतील प्रस्ताव लेखी मिळावा. प्रस्ताव लेखी आला नाही. रजा मंजूर झाली. परत आल्यावर तिला पूर्वीचे काम मिळाले नाही, दुसऱ्या विभागात बसविले, आणि त्याचे तिला अजून वाईट वाटते. कायद्याने मन जिंकता येत नाही. पण सव्वीस आठवड्यांचा पगार घरात आला, आणि बाळ तीन महिन्यांचे असताना तिला नोकरीच्या शोधात उन्हात फिरावे लागले नाही.

तिसरे प्रकरण एका वयोवृद्ध गृहस्थांचे. बेगम बाजारातल्या एका पेढीवर त्यांनी बावीस वर्षे हिशेब लिहिले. नेमणूकपत्र कधी मिळाले नाही, मागितलेही नाही. मालक त्यांना ‘काका’ म्हणत, दिवाळीला कपडे देत, मुलीच्या लग्नात त्यांनी पंगत वाढली होती. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले म्हणून काकांनी काम सोडले. अखेरचा पगार होता महिना अठरा हजार रुपये. निरोपाला शाल, नारळ आणि पाकिटात अकरा हजार मिळाले. कोणीतरी उपदानाविषयी, म्हणजे ग्रॅच्युइटीविषयी सुचविले तेव्हा मालक दुखावून म्हणाले, “काका नोकर थोडेच होते? ते तर घरचे माणूस.”

वाचकहो, या वाक्यात प्रेम नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण ‘घरचे माणूस’ या दोन शब्दांनी आपल्याकडे जितकी देणी बुडाली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बुडाली असतील. घरच्या माणसाला पेढीत हिस्सा असतो, काकांना नव्हता. म्हणजे देण्याच्या वेळी ते घरचे, आणि वाटणीच्या वेळी नोकर.

१९७२ चा उपदान अधिनियम या बाबतीत स्पष्ट होता. दहा अथवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झाली की, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन नोकराला द्यावेच लागते. हिशेबासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. अठरा हजारांस सव्वीसने भागा, पंधराने गुणा, मग बावीसने गुणा: रक्कम येते सुमारे २ लाख २८ हजार. पेढीवर चौदा माणसे होती. नोकराने अर्ज केला नसला तरी रक्कम ठरवून देण्याचे कर्तव्य मालकाचेच आहे. आणि ‘आमच्याकडे ग्रॅच्युइटीची पद्धत नाही’ असे करारात लिहिले तरी ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

अडचण होती ती पुराव्याची. नेमणुकीचा कागदच नाही, तर बावीस वर्षे सिद्ध कशी करावी? काकांच्या पत्नीने जपून ठेवलेल्या एका डब्यात राज्य विमा योजनेचे जुने कार्ड निघाले. त्यावर पेढीचे नाव होते. पेढीच्या वतीने विक्रीकर कचेरीत हजर राहण्यासाठी काकांना दिलेली अधिकारपत्रे निघाली. बँकेच्या पासबुकात शेवटच्या नऊ वर्षांचे पगार नोंदलेले होते. एवढ्या साधनांवर कामगार खात्यातील नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज गेला. दुसऱ्या तारखेनंतर मालकांनी सारी रक्कम दोन हप्त्यांत दिली. दोन्ही घरांचे जाणेयेणे मात्र थांबले. आरंभीच एक कागद असता, तर पैसेही मिळाले असते आणि स्नेहही राहिला असता. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही आपली समजूत किती उलटी आहे पाहा; कागद नसल्यामुळेच शेवटी अविश्वासाची पाळी येते.

ही लिहून घेण्याची परंपरा परक्याची नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या सह्यांनिशी कागदावर मांडल्या, आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी पदरात पडली. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळीत होते. त्या काळाच्या अखेरीस, १९४६ साली, स्थायी आदेशांचा अधिनियम आला. कामाच्या वेळा, रजा, शिस्त, काढून टाकण्याची रीत, हे सारे कारखानदाराने लिहून कामगारांच्या नजरेस पडेल असे लावावे, एवढीच त्याची साधी मागणी होती. मुकादमाच्या तोंडी हुकुमावर जगणाऱ्या माणसाला लिहिलेला नियम ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

आज आपण नव्या वळणावर आहोत. २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या गेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. गृहस्थाने त्यांतील चार गोष्टी तरी ध्यानात ठेवाव्यात. नेमणूकपत्र देणे हे आता मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. वेतनाची व्याख्या अशी केली आहे की, भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक दाखविला तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून उपदान व निर्वाह निधी आखूड करण्याच्या युक्तीला त्यामुळे आळा बसावा. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यास पाच वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्षाच्या सेवेवरही त्या प्रमाणात उपदान मिळते. आणि नोकरी कोणत्याही रीतीने संपली तरी राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावयाचे आहे. या संहितांविषयी मतभेद आहेत. कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत. ते आपल्या जागी. पण जे हक्क कागदावर आले आहेत ते घरात ठाऊक असावेत, याविषयी मतभेद नसावा.

आता कागद हाती आला म्हणजे काय पाहावे? प्रथम, नेमणूक कायम, परिवीक्षाधीन की ठराविक मुदतीची. आणि परिवीक्षेचा काळ संपल्यावर कायम झाल्याचे पत्र मिळणार आहे काय. दुसरे, वर्षाचा जो मोठा आकडा दाखविला आहे त्यातले महिन्याला हाती किती, मूळ वेतन किती, आणि मालकाने भरावयाचा निर्वाह निधी व उपदान त्याच आकड्यात मोजले आहे काय. तिसरे, सोडण्याची सूचना दोन्ही बाजूंना सारखीच आहे काय. मुलाने तीन महिने आधी कळवावे आणि मालकाने मात्र सात दिवसांत मोकळे करावे, अशी अट दिसल्यास आधी विचारावे. सरकारी मालकीच्या मंडळाने कारण न देता तीन महिन्यांच्या सूचनेवर काढण्याची ठेवलेली अट सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात रद्द केली, ती दोन पक्षांचे बळ विषम आहे हे ओळखूनच. खाजगी नोकरीस तो निर्णय जसाच्या तसा लागू होत नाही. पण प्रश्न विचारण्यास तर कोणाची बंदी नाही? चौथे, बॉण्ड असल्यास रक्कम, मुदत आणि बदल्यात मिळणारे प्रशिक्षण.

आणि एक शिष्टाचार. मनुष्यबळ विभागातली व्यक्ती शत्रू नसते, तशी ती मुलाची वकीलही नसते. तीही त्याच कंपनीची नोकर असते. तिच्याशी गोड बोलावे, आणि जे बोलणे झाले ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवावे. अस्सल प्रमाणपत्र दाखवावे, ठेवू नये. ‘स्वखुशीने’ हा शब्द खरोखरच खुशी असल्यावाचून लिहू नये; आणि कोणी समोर बसवून लिहवून घेऊ लागल्यास “घरी विचारून उद्या सांगतो” एवढे म्हणून उठावे. हे एक वाक्य आपल्या मुलांना आपण शिकविलेच पाहिजे. लहानपणी आपण त्यांना मोठ्यांसमोर ‘नाही’ म्हणू नये असे शिकविले. निदान ‘उद्या’ म्हणावयास तरी शिकवू या.

पेढे जरूर वाटावेत. पण त्याआधी एक संध्याकाळ घरातील दोन मोठी माणसे आणि नोकरीला लागणारे मूल यांनी एकत्र बसून तो कागद आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचावा, न कळलेल्या ओळीखाली रेघ ओढावी, आणि एक प्रत घरात ठेवावी. पत्र्याच्या पेट्या आता राहिल्या नाहीत, फाईल चालेल.

निर्वाह निधीचे खाते, त्यातील नावातली चूक आणि वारसाची नोंद याविषयी अनेक भगिनींनी विचारले आहे. त्याविषयी पुढील अंकी.